लाल गाडीतला पिवळा ठिपका

मोनाली मनवर कोपरापर्यंत हात कापसात घालून उभी होती, तेव्हा तिला ती गाडी दिसली.

दिग्रसच्या बाहेर, आर्णी रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये ती ग्रेडर होती, आलेल्या कापसाची प्रत ठरवणारी. शेतकऱ्यांच्या गाड्या आत येत, वरवर पांढराशुभ्र कापूस दिसे, आणि मोनाली तिकडे न बघता सरळ आत हात घाली... ओल कुठं आहे, किडका, कवडी कापूस कुठं दडवलाय ते चाचपायला. असं रोज करता करता माणूस संशयी होतो. जिनिंगमधले लोक तिच्या माघारी तिला ‘शक्की मॅडम’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्यात तिला काही वावगंही वाटत नव्हतं.

फाटकाबाहेर एक लाल गाडी आचके देत आली, दोनदा खोकली आणि बंद पडली. तिच्या मागच्या दारावर बाभळीच्या फांदीनं ओढलेला लांब ओरखडा होता. मोनालीचा हात कापसातच थांबला. तो ओरखडा तिनंच पाडला होता, गाडी शिकताना. दसऱ्याच्या आधी बाबांनी विकून टाकलेली त्यांची गाडी!

ती हात झटकत बाहेर गेली. गाडीतला माणूस उतरला नव्हता. तिशीच्या आतबाहेरचा, सावळा, बाह्या दुमडलेला. तो स्टेअरिंगवर वाकून डॅशबोर्डवरच्या काट्यांकडे असा बघत होता, जसं एखाद्या लबाड पोराकडे बघावं. मोनालीनं नकळत टपावर हात ठेवला.

“हात नका लावू, गाडी तापली हाये,” तो म्हणाला.

“ही गाडी आमची होती.”

त्यानं मान वर केली. डोळे आधी मोठे झाले, मग बारीक. “म्हंजे तुमी... उकंडा मनवर?”

“माहे बाबा.”

“मंग बरं सापडल्या,” तो खाली उतरत म्हणाला. “तुमचे भाऊ माहा फोन उचलत नाईत. मले एकच विचारायचं होतं. ही दिव्याची बिमारी तुमी विकतानी सांगतली काहून नाई?”

त्यानं बोट दाखवलं. काट्यांच्या डाव्या बाजूला एक पिवळा दिवा जळत होता, इंजिनच्या चित्राचा. मोनालीनं तो याआधी कधी पाहिला नव्हता आणि तसं तिनं सांगितलं.  तो नुसता बघत राहिला... आणि त्या बघण्यानं तिच्या कानशिलांना झळ लागली. आजवर लोकांच्या गाडीत ती ओल शोधत आली होती. आज कुणीतरी तिच्या घराच्या मालात हात घालत होतं.

“आन् बाबांच्या गाडीत हा वास कायचा?” तिनं उलट विचारलं.

वास कशाचा ते मागच्या काचेतून दिसलं. सीट पाडून तिथं फुगवलेल्या मोठमोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या ठेवल्या होत्या, अर्ध्या पाण्यानं भरलेल्या, आणि पाण्यात बोटभर लांबीचे शेकडो मासे वळवळत होते. त्या माणसाचं नाव नयन आडे. अरुणावती धरणाजवळच्या तांड्यावरचा. शेततळ्यांना माशांचं बीज पुरवणं हा त्याचा धंदा होता. पिशवीतली हवा दुपारपर्यंतच पुरते, आर्णीकडे एक शेतकरी तळं भरून वाट बघतोय आणि ही गाडी चढ आला की जीव सोडते, हे त्यानं घाईघाईनं सांगितलं. सांगताना त्याचं सगळं लक्ष पिशव्यांकडे होतं. काही मासे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडत होते.

मोनालीला त्याचा भरवसा वाटला नाही. पण मासे काही सोंग करत नव्हते.

जिनिंगमध्ये आगीच्या भीतीनं पाण्याचा मोठा हौद कायम भरलेला असतो. तिनं मॅनेजरला फोन लावून परवानगी काढली. मॅनेजरनं तीनदा “कायचे मासे?” विचारून शेवटी हो म्हटलं. पिशव्या हौदावर नेल्या. मोनाली गाठ सोडायला निघाली, तर नयननं तिचा हात धरून थांबवला आणि लगेच सोडला.

“असे नाई सोडायचे. पयले पिशवी पान्यावर तरंगू द्या. आतलं पानी आन् बाहेरचं पानी सारखं झालं का मंग गाठ सोडायची. एकदम टाकलं तं मरते.”

मग काय... दोघं हौदाच्या काठावर बसून राहिले. कापसाचे तंतू हवेत उडत होते, त्याच्या भुवयांवर, तिच्या केसांत बसत होते. तिनं विचारलं की गाडी घेताना मेकॅनिकला का दाखवली नाही. तो म्हणाला, मालकाचं नाव ऐकून घेतली. उकंडा मनवर म्हणजे एसटीतले जुने ड्रायव्हर, त्यांच्या हाताखालची गाडी काय बघायची, असं तांड्यावरचे लोक म्हणाले होते.

हे ऐकून मोनालीला बरं वाटायला हवं होतं. उलट ते नाव आता तिला जड वाटलं.

“माहे बाबा खोटं बोलत नाईत,” ती म्हणाली.

“मंग कोन बोललं?”

तिनं पिशवीतल्या पाण्याला हात लावून पाहिला. त्यानं गाठी सोडल्या. मासे हळूच बाहेर आले आणि हिरव्या पाण्यात दिसेनासे झाले.

गाडी ट्रॅक्टरला बांधून मारोतीभाऊच्या गॅरेजवर नेली. सुट्टी झाल्यावर मोनाली थेट तिथं पोचली. नयनला वाटलं ती मदतीला आली. पण तिनंच लगेच स्पष्ट केलं. बाबांच्या नावाचा प्रश्न आहे, म्हणून जे काही निघेल ते तिच्या डोळ्यांसमोर निघायला हवं.

मारोतीभाऊनं स्टेअरिंगखाली एक वायर खुपसली. तिच्या टोकाच्या छोट्या मशीनवर आकडे उमटले. त्यानं समजावलं ते असं : इंजिनमधून धूर निघतो, तो सायलेन्सरकडे जाताना आधी एका डब्यातून जातो. त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. डब्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि धुरातलं विष ती जाळी मारते. डब्याच्या आधी एक सेन्सर, नंतर एक. आधीचा सेन्सर नाचतो, नंतरच्यानं शांत राहायचं असतं. इथं दोन्ही सारखेच नाचत होते. म्हणजे धूर जसा आत जातोय तसाच बाहेर येतोय.

“डब्बा मेला,” मारोतीभाऊ म्हणाला. “नवा टाका, मोकळे व्हा.”

मग तो मशीनकडे बघत थोडा घुटमळला. आणखी एक गोष्ट दिसत होती. गाडीच्या कॉम्प्युटरची आठवण कुणीतरी पुसली होती. पुसल्यानंतर गाडी किती चालली तेही मशीन सांगत होतं, आणि नयननं घेतल्यापासून जेवढी चालवली त्याहून ते जेमतेम थोडंच जास्त होतं. आठवण पुसली की दिवा विझतो, गाडी काही दिवस चालली की पुन्हा लागतो.

“म्हंजे विकायच्या तोंडावर,” नयन म्हणाला. तो मोनालीकडे बघत नव्हता. “वर चांगला कापूस, खाली ओला. तुमाले तं हा धंदा चांगला समजते.”

हे तिला लागलं. आणि लागलं की मोनाली गप्प बसणारी नव्हती. सायलेन्सर चोरीच्या बातम्या ती वाचत आली होती. त्या डब्यातल्या जाळीत महागाच्या धातूची भुकटी असते, चोर तेवढ्यासाठी गाड्यांखाली शिरतात. ती मारोतीभाऊला म्हणाली, डबा कापून आतली जाळी काढून घेतली आणि पुन्हा जोडून दिला, असं कुणी करू शकतं का? करू शकतं, मारोतीभाऊ म्हणाला.

“कुणी म्हंजे मी?” नयननं विचारलं.

“मी कोनाचं नाव घेतलं नाई.”

“तुमी नाव घेत नाई मॅडम, तुमी नुसतं पाहता.”

मारोतीभाऊनं गाडी खड्ड्यावर घेतली. ते दोघं त्याच्यामागून खाली उतरले. ऑइलचा वास, अंधार, आणि जागा एवढी थोडी की श्वास सोडायचा तरी विचार करावा लागे. टॉर्चच्या उजेडात मोनालीनं डब्याच्या कडेवरून बोट फिरवलं. कुठं कापलेलं नव्हतं. कुठं नवी जोड नव्हती. गंज होता तो जुना आणि सलग. डब्याला वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नव्हता. तिचं बोट काळं झालं, आणि तिला स्वतःचीच शरम वाटली.

“चुकलं माह्यं,” ती हळूच म्हणाली.

नयनला हे अपेक्षित नसावं. त्यानं खिशातून रुमाल काढून तिच्यापुढं धरला. रुमालाला मासळीचा वास होता. तिनं तरीही बोट पुसलं.

पण तिचं डोकं थांबलं नव्हतं. कापूस ओला सापडला की तो कुठून भिजला तेही ती शोधत असे. तिनं विचारलं, डबा आपोआप मरतो का? मारोतीभाऊनं मान खाजवली. आपोआप मरतो, पण एवढ्या लवकर नाही, आणि खरं म्हणजे हे त्यानं आधीच बघायला हवं होतं. त्यानं इंजिनचे प्लग काढले. तीन बरे होते. चौथा काळाकुट्ट आणि ओला. इंजिनच्या त्या खान्यात ठिणगीच नीट पडत नव्हती. न जळलेलं पेट्रोल तसंच खाली डब्यात जाऊन जळत होतं आणि जाळी वितळून बसली होती. म्हणून चढावर दम लागत होता. आणि गाडीत नासक्या अंड्याचा जो वास येत होता तो डब्याचा होता, माशांवर उगाच आळ आला होता.

असं व्हायला किती दिवस लागतात? महिनोन् महिने, तो म्हणाला. दिवा लुकलुकला असणार, गाडी थरथरली असणार, आणि कुणीतरी तशीच दामटली असणार.

मोनालीनं मनात हिशेब मांडला. उन्हाळ्यापासून बाबांनी गाडी हातात घेतलीच नव्हती, डोळ्यांमुळं. चालवत होता तो विक्की. तिचा धाकटा भाऊ लग्नसराईत मित्रांना सोडायला-आणायला म्हणून गाडी नेई आणि पांढरकवडा, मारेगाव करून परत येई. भाड्यानं फिरवतोय अशी कुणकुण तिला होती. ती कुणकुण तिनं स्वतःपाशीच ठेवली होती. परक्यांच्या गाडीत कोपरापर्यंत हात घालणारी ती, घरच्या मालात तिनं कधी बोटही घातलं नव्हतं.

“घरी या उद्या,” ती नयनला म्हणाली. “गाडी घेऊन या. जे विचारायचं ते सगळ्यायसमोर विचारा.”

“भांडन होईन.”

“होऊ द्या.”

दुसऱ्या दिवशी नयन आला तो भांडायच्या तयारीनंच. मारोतीभाऊनं प्लग बदलून गाडी कशीबशी चालती करून दिली होती. डबा नागपूरहून यायचा होता आणि दिवा तसाच जळत होता. उकंडाबाबा दारासमोर बाजेवर बसले होते. विक्की मोटारसायकल पुसत होता. लाल गाडी बघताच त्याचा फडक्याचा हात मंदावला. मोनालीची आई, नलू, पाणी घेऊन बाहेर आली.

नयननं रामराम घातला. बाबांनी जय भीम म्हटलं आणि कोण, कुठला विचारण्याआधीच ते उठून गाडीकडे गेले. बोनेटवरून, आरशावरून, दारावरून हात फिरवत फिरवत त्यांनी ड्रायव्हरचं दार शोधलं. आत बसले. नयनकडे किल्ली मागितली.

किल्ली फिरली. सगळे दिवे लागले. इंजिन सुरू झालं, बाकीचे विझले आणि एक उरला. बाबा बराच वेळ समोर बघत राहिले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातला.

“बाबू,” ते नयनला म्हणाले, “इथं डाव्या अंगाले एक पिवळा ठिपका हाये. तुले दिसते का?”

“दिसते ना काकाजी. त्याच्यासाठीच तं आलो.”

“खरंच दिसते?”

“कोनाले बी दिसन.”

बाबांनी इंजिन बंद केलं. “मले वाटलं, माह्या डोळ्यातला हाये.”

 मग बाबांनी सांगितलं, कुणा एकाला उद्देशून नाही, समोरच्या काचेकडे बघत. उन्हाळ्यात त्यांना तो ठिपका दिसू लागला. डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता हे खरं, पण रस्ता दिसत होता. त्यांनी विक्कीला विचारलं, दिवा लागलाय का रे? विक्की म्हणाला, कुठं काय बाबा, डोळे दाखवा. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग त्यांना वाटलं, जो माणूस नसलेला दिवा पाहतो, त्यानं समोरून येणारं पोर नाही पाहिलं तर? अख्खी नोकरी एसटीत काढली, एकाही जीवाला धक्का लागला नाही. त्यांनी किल्ली खिळ्याला अडकवली आणि मग गाडी विकायला काढली.

मोनालीनं विक्कीकडे पाहिलं. तो आपल्या चपलांकडे बघत होता. मग तो बोलू लागला आणि थांबेचना. गाडी भाड्यानं नेत होतो, आर्णीजवळ थरथरायला लागली, दिवा लुकलुकला. बाबा रागावतील म्हणून नाही म्हणालो. विकायच्या वेळी दारव्ह्याच्या एका पोराकडून दिवा पुसून घेतला. गाडी विकतील असं वाटलं नव्हतं, बाबा... खरंच नव्हतं वाटलं.

“गाडी खराब केली, ते चालते,” बाबा म्हणाले. “लोखंड हाये. तुनं माह्या डोळ्याचं नाव घेतलं.”

ते आवाज न चढवता म्हणाले, आणि म्हणूनच मोनालीला ते ऐकवेना. नलूबाईनं पदर तोंडाला लावला. नयन मध्ये उभा होता, हातात न विचारलेले सगळे प्रश्न घेऊन. तो आता बोलेल, हक्कानं बोलेल, असं मोनालीला वाटलं. पण तो गाडीच्या दाराशी गेला, बाबांना उतरायला हात दिला आणि म्हणाला, “काकाजी, चहा भेटन का? मी सकाळचा निंगलो हावो.”

चहाचं काहीच अडलं नव्हतं त्याचं. बाबांना तिथून उठवायचं होतं. मोनालीला ते कळलं. चहात साखर घालताना तिच्या लक्षात आलं की या माणसाबद्दल शोधायला आता तिच्याकडे एकही संशय शिल्लक नाही, आणि त्यामुळे तिला उगाच अस्वस्थ वाटतंय.

डबा आला. तो बसवला, आणि त्याचे पैसे फेडायला विक्की रोज सकाळी मारोतीभाऊकडे कामाला जाऊ लागला. दुरुस्तीचा सगळा भार त्यानं आपल्या अंगावर घेतला. बाबांनी त्याला जा म्हटलं नाही आणि नको जाऊ असंही म्हटलं नाही. बरेच दिवस ते त्याच्याशी कामापुरतंच बोलले.

इकडे नयननं दुसरी गाडी करून हौदातलं बीज आर्णीला पोचवलं. पण सगळे मासे काही जाळ्यात आले नाहीत, असं तो म्हणाला. थोडे खाली राहिले, त्यांना खायला घालायला यावं लागेल. मग तो येऊ लागला. जिनिंगमधलीच सरकीची ढेप, म्हणजे पेंड, चुरून हौदात टाकायचा आणि जाता जाता ग्रेडिंगच्या शेडकडे बघायचा.

“एवढं बारीक जाळं, आन् मासे राह्यले कसे?” मोनालीनं एकदा विचारलं.

“हुशार असन ते.”

“मासे का तुमी?”

तो हसला आणि तिच्या केसांकडे बोट दाखवलं. कापूस लागलाय, काढू का? ती म्हणाली, इथं सगळ्यांच्याच केसांत असतो, किती जणांचा काढाल? त्यानं हात मागे घेतला. संध्याकाळी घरी जाऊन आरशासमोर तो तंतू तिनं स्वतःच काढला... आणि टाकून द्यायच्या आधी उगाच थोडा वेळ बोटात धरला.

मारोतीभाऊनं सांगितलं होतं की नवा डबा लावला म्हणजे काम झालं असं नाही. गाडी थंड असताना निघायला हवी, नीट तापायला हवी, हळू आणि जोरात दोन्ही चालायला हवी. असं दोन-चारदा झालं की कॉम्प्युटर स्वतःच डब्याची परीक्षा घेतो. तोवर दिवा विझलेला खरा की खोटा कळत नाही. मोनाली म्हणाली, आमच्या घरून एकदा खोटा विझलेला दिवा गेलाय, या वेळी मी सोबत येऊन बघेन. ती खरंच दिव्यासाठीच म्हणाली होती. निदान पहिल्या वेळी.

पहिल्या फेरीला बाबा पुढं बसले आणि डोळे मिटून इंजिन ऐकत राहिले. पुसदच्या घाटात गाडी न खोकता चढली, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. दुसऱ्या फेरीला बाबांनी यायचं टाळलं. त्या दिवशी धरणाच्या रस्त्यावर अवकाळी पाऊस आला. मोनालीचा जीव जिनिंगमधल्या उघड्या कापसात अडकला, तिनं फोनवर फोन लावून ताडपत्र्या टाकून घेतल्या. नयननं गाडी कडेला घेतली आणि तिचे फोन संपेपर्यंत काच पुसत बसला. पावसात धरणाचं पाणी करडं झालं होतं. तिनं फोन खाली ठेवला, तेव्हा त्यानं विचारलं की तिला नेहमी सगळ्याचीच काळजी असते का. ती म्हणाली, काळजी नाही, शंका असते. तो म्हणाला, एकच असते ती, नाव वेगळं.

बाबांचं ऑपरेशन यवतमाळला झालं. न्यायला-आणायला नयनच होता. पट्टी सुटल्यावर बाबांनी पहिल्यांदा स्वतःचे हात बघितले, मग नलूबाईंना, मग कोपऱ्यात उभ्या विक्कीला. त्याला जवळ बोलावून म्हणाले, किती वाळला रे तू. विक्की रडला. मोनाली खिडकीकडे वळली, तर नयनही तिकडेच वळलेला.

त्यानंतर फोन सुरू झाले. “मॅडम, दिवा लागला वाटते.” मोनाली जायची, तर दिवा नसायचा. आता विझला, तो म्हणायचा, सकाळी होता. मग धरणापर्यंत एक फेरी, परत येताना चहा. पुन्हा आठवड्यानं तेच. तिसऱ्या वेळी ती गाडीत बसली आणि म्हणाली, आधी मारोतीभाऊकडे घ्या.

“कायले? आता तं विझला.”

“घ्या ना.”

मारोतीभाऊनं वायर खुपसली, मशीन बघितलं, पुन्हा बघितलं. डबा एकदम निरोगी होता, सगळ्या परीक्षा पास होता. आणि दिवा? दिवा लागला असता तर खूण राहिली असती, तो म्हणाला. डबा बदलल्यापासून हा दिवा एकदाही लागलेला नाही.

नयननं वायर गुंडाळायला मदत केली. नको इतकी मदत केली.

गॅरेजपासून थोडं पुढं, कडुनिंबाखाली, मोनालीनं गाडी थांबवायला सांगितली.

“कितीदा खोटं बोलले?”

“दोनदा.” तो थांबला. “नाई, तिन्ही वेळा.”

“काहून?”

“दिवा नसला तं तुमी कायले येता?”

हे त्यानं हसत म्हटलं, आणि एरवी तीही हसली असती. पण तिच्या डोळ्यांसमोर बाबांचा तो चष्मा पुसणारा हात आला.

“आमच्या घरी एकानं लागलेला दिवा नाई म्हनून सांगतला,” ती म्हणाली. “तुमी नसलेला दिवा हाये म्हनून सांगता. त्याचं बाबानं खरं मानलं, तुमचं मी खरं समजून धावत आली. मले दोन्हीत काय फरक दिसन?”

त्याचं हसू गेलं.  एक बैलगाडी शेजारून गेली, तिची घुंगरं लांबपर्यंत ऐकू येत राहिली.

“फरक नाई,” तो शेवटी म्हणाला. “चुकलं. आता जे हाये तेच सांगतो. मले तुमी आवडता. त्या दिवशी हौदावर बसलो होतो ना, तवापासून. तवा तं तुमी मले चोर समजत होत्या... तरी.” त्यानं एक श्वास घेतला. “मी याडीले बी सांगतलं. मनवरची पोरगी म्हनून सांगतलं, काई लपवलं नाई. ते माह्याशी काही दिवस बोलली नाई. मंग एक दिवस जेवतानी विचारलं, ते पोरगी मासे खाते का?”

मोनालीनं त्याच्याकडे बघितलं. वरून, खालून, आतून, जसं तिला येत होतं तसं. त्याच्या आईचं ते वाक्य, तांड्यावरची ती माय, ताटातली ती गप्प बसलेली भाकर... हे कुणी रचून सांगत नाही. तिच्या हाताला कुठंच ओल लागली नाही.

“तुमी काय सांगतलं?”

“म्हनलं, विचारून सांगतो.”

“खातो,” मोनाली म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “पन मले काटे काढता येत नाई.”

“मी काढून देईन.”

“रोज?”

“रोज.”

ती खिडकीबाहेर बघू लागली, कारण चेहऱ्याचं काय करावं ते तिला कळेना. लोक काय म्हणतील, आत्या काय म्हणेल, तांडा काय म्हणेल, हे सगळं रांगेत उभं होतं. त्या रांगेकडे ती नंतर बघणार होती. आधी एक काम होतं.

“चल घरी,” ती म्हणाली. “आज बाबाले सांग. जसं मले सांगतलं तसंच, खोटा दिवा बी सांग. ते हो म्हनोत, नाई म्हनोत, उद्या मी तुह्या याडीले भेटाले येईन.”

नयननं किल्लीकडे नेलेला हात तसाच राहिला. “तुमी मले... तू म्हनलं?”

“समोर पाह्य, गाडी चालव.”

गाडी निघाली. जिनिंगवरून आलेला कापसाचा एक पुंजका काचेवर बसला आणि वाऱ्यानं उडून गेला. गल्लीच्या तोंडाशी नयननं वेग अगदीच कमी केला. घसा खाकरला. आता आत गेल्यावर काकाजी म्हणायचं की बाबा, असं त्यानं विचारलं. तो खरंच घाबरला होता.

मोनालीनं त्याच्या दुमडलेल्या बाहीवर हात ठेवला आणि तिथंच राहू दिला.

“आज काकाजीच म्हन,” ती म्हणाली. “बाबा कधी म्हनायचं, ते तेच सांगतीन.”